होम थिएटरला ऑप्टिकलच लावा, एचडीएमआयचा सोस कशाला?

खटपट्या:
ब्लू-रे प्लेअर आणि रिसीव्हर (स्पीकर चालवणारा डबा), दोन्हींच्या मागे ऑप्टिकल, कोएक्सियल (धातूच्या तारेचं), एचडीएमआय (आवाज-चित्र एकत्र नेणारं) अशी तिन्ही भोकं आहेत. मी ऑप्टिकलच्या बाजूचा. प्रकाशाने सिग्नल जातो, दोन उपकरणांत विजेची जोडणीच नाही, म्हणून ग्राउंड लूपची, म्हणजे अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची, घरघर नाही. तरी जो तो एचडीएमआयच्याच मागे!

तारयंत्र:
घरघर नाही, मान्य. पण आवाज कुठला पोचतोय ते बघा की. ऑप्टिकल काय, कोएक्सियल काय, दोन्हींतून एस/पीडीआयएफच (डिजिटल आवाज पाठवायची एक पद्धत) जातं, आणि ते मुळात स्टिरिओसाठी केलेलं. ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) त्यात बसतं ते कॉम्प्रेस होऊनच. तसे कॉम्प्रेस केलेले दोन प्रकार: ब्लू-रेवर डॉल्बी डिजिटल सेकंदाला फार तर ६४० किलोबिट, डीटीएस दीड मेगाबिट. उलट काहीच न गाळणारा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ २४.५ मेगाबिटपर्यंत चढतो. तो किंवा डॉल्बीचं तसंच ट्रूएचडी ऑप्टिकलमधून जातच नाही. प्लेअर गुपचूप हलकी आवृत्ती पाठवतो आणि आपण खूश. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कुठलं नाव उमटतं ते वाचा एकदा.

दोनचकान:
सगळे सिनेमेच बघतात असं कोणी सांगितलं? मी फक्त स्टिरिओ ऐकतो. मला कोएक्सियल पुरतं, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ आरामात. बरीच उपकरणं ऑप्टिकलवर ९६ लाच थांबतात. वायर मात्र ७५ ओहमची घ्या.

खटपट्या:
डिस्प्लेवरचं नाव ऐकू येतं का हो? चांगला डीटीएस आणि मास्टर ऑडिओ डोळे मिटून ओळखून दाखवा.

तारयंत्र:
प्रत्येक सिनेमात ओळखेन असं म्हणत नाही. पण डिस्कवर असलेलं वाटेत का सांडायचं? शिवाय ७.१ (सात स्पीकर, एक सबवूफर) आणि डोक्यावरूनही आवाज देणारं अ‍ॅटमॉस ऑप्टिकलवर विसराच. घरघर आली तर आधी टीव्हीची डिश किंवा केबलची वायर काढून बघा, बरेचदा दोषी तीच असते.

सोन्याचीपिन:
एचडीएमआय घ्यायची तर महागडी घ्या. माझ्याकडे बास भरीव झाला.

तारयंत्र:
शक्य नाही. डिजिटल केबल कमी पडली तर आवाज तुटतो, चित्रात ठिणग्या उडतात. बास तेवढा पातळ होत नाही. लांबी जास्त असेल तर दर्जा बघा, एरवी प्रमाणित साधी केबल बस्स.

दोनचकान:
टीव्हीच्या अ‍ॅपवर बघणाऱ्यांचं काय?

तारयंत्र:
साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) अ‍ॅटमॉस येतं, पण डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेस झालेलं. अ‍ॅपवाले तसंच देतात, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरचं ट्रूएचडी मात्र ईएआरसीशिवाय, म्हणजे एआरसीच्या सुधारित आवृत्तीशिवाय, पुढे सरकत नाही. ईएआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आलं. म्हणूनच म्हणतो, प्लेअर थेट रिसीव्हरला लावा.

खटपट्या:
बरं, प्लेअर लावतो एचडीएमआयने. टीव्हीला ईएआरसी नाही, त्याचा आवाज ऑप्टिकलनेच घेणार. त्यावर वाद नको.

तारयंत्र:
बातम्यांना चालेल.