मदत हवी आहे : मोटरच्या खड्ड्यात बेडूक, एकाचा पाय गेलाय बहुतेक

सध्या चिपळूणला आहे, सासरी. अंगणात पंपासाठी अडीच फूट खोल सिमेंटचा खड्डा आहे, परवा रात्री धो धो पडला आणि सकाळी बघते तर आत पाच बेडूक, ते खडबडीत अंगाचे तपकिरी, पिवळेधमक डराव डराववाले नव्हे. भिंती गुळगुळीत, त्यामुळे उडी मारतात की धपकन खाली. चौघांना सुपलीने काढून केळीखाली सोडलं. पाचवा मागचा पाय फरफटत नेतोय, मांडीवर कातडी फाटलीय, बहुतेक गवत कापायच्या मशीनने (ती आमच्या ह्यांनीच फिरवलेली, अजून बोलले नाहीये). बुटाच्या खोक्यात ठेवलाय. हळद लावू का? डेटॉल? की बादलीत पाणी भरून त्यात सोडू? खायला काय देऊ? सासूबाई म्हणतात हात लावलास तर चामखीळ येईल.

पागोळी : हळद, डेटॉल, मीठ काहीही लावू नका प्लीज!! बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो, म्हणजे वर जे लावाल ते थेट आत. बादली तर नकोच, हा भेक आहे, जमिनीवर राहणारा, जखमी असला तर पोहून पोहून थकतो आणि बुडतो. पुठ्ठा ओला होऊन फाटेल, त्यापेक्षा झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ओला सुती फडका. पाणी विहिरीचं नाहीतर पावसाचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. उचलताना हात आधी ओले करा, नंतर साबणाने धुवा. डबा अंधारात ठेवा, सारखं उघडून बघू नका. खायला घालू नका, दोन दिवस त्याला काही होत नाही. वनविभागाची हेल्पलाईन १९२६, तिथे विचारा कोणाकडे न्यायचा ते. चामखिळीचं खोटं आहे, ती माणसाच्याच व्हायरसने येते. पण त्याच्या डोळ्यांमागच्या फुगीर गाठींतून पांढरा चीक येतो, तो हात डोळ्याला लावू नका, आणि घरात कुत्रा असेल तर सांभाळा, तोंडात धरला की फेस येतो.

कोकणी_कासव : आणि खड्ड्याचं काय? आज रात्री परत पडणार की ते. तिरकी फळी टाका, वर गोणपाट खिळ्याने ठोका म्हणजे पाय घसरत नाहीत. बरा झाला की त्याच अंगणात सोडा हं, लांबच्या तळ्यात नको, रोग इकडचे तिकडे जातात.

धागाकर्ती : थॅंक्यू दोघांना. फोन लावला, संध्याकाळी माणूस येतोय म्हणाले. फळी ह्यांनीच ठोकली, न सांगता कळलं वाटतं. डबा तोवर पडवीत ठेवू का, मांजर आहे आमच्याकडे?

पागोळी : मग न्हाणीघरात ठेवा, दार लावून.