सरत्या वर्षाची साक्ष: तुमच्या घरी यंदा काय बदललं?

सीनाकाठची (२७ डिसेंबर २०२५)
सलाम सगळ्यांना.

नाताळच्या चांदणीचं खोकं माळ्यावरून काढलं तर तळाशी आजीचा बिस्किटांचा डबा निघाला, बायबलमधल्या वचनांचा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेहून घरी आलं की आजी तो डबा सगळ्यांपुढे फिरवायची. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या पाठीवर तिने स्वतःच्या अक्षरात वचनं लिहिलेली. हाताला येईल ते आपलं वर्षाचं वचन. कोणाला काय आलं हे ती झाकणाच्या आतल्या कागदावर लिहून ठेवायची. तो कागद वाचत मी स्टुलावरच बसून राहिले. पप्पा यहोशवा १:९. भाऊ स्तोत्र १२१. आजीचं स्वतःचं स्तोत्र ९०:१२, आपले दिवस गणायला शिकव असं मागणारं.

मार्चमध्ये आजी प्रभूमध्ये झोपी गेली. जूनमध्ये पप्पा शाळेतून रिटायर झाले, मिशन कंपाउंडमधलं क्वार्टर सोडून आम्ही सावेडीला फ्लॅटमध्ये आलो. मी जन्मले त्या घराची किल्ली मीच नेऊन दिली. ऑगस्टमध्ये भाऊ नर्सिंगच्या नोकरीवर मस्कतला गेला.

हे सगळं लोकांना सांगता येतं. सांगता येत नाही ते वेगळंच आहे. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत गीत आजी सुरू करायची. नंबर वगैरे सांगायची नाही, सरळ सूर लावायची, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं. मार्चपासून आम्ही वाचन करतो, प्रार्थना करतो, पण गीत म्हणत नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं.

चर्चमध्ये ३१ला वर्षाची साक्ष सांगायला माइक फिरेल तेव्हा मला उभं राहता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं. तुम्हीही लिहा.

पापडीतलाव
आम्ही वसईचे कॅथलिक. वर्षाची सुरुवात जुन्या गोव्यात, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाच्या रांगेत. ते दहा वर्षांनी एकदा असतं आणि ५ जानेवारीला संपणार होतं. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी मी नसेन, मला न्या. व्हीलचेअरवर नेलं. रांगेतल्या अनोळखी माणसांनी वाट करून दिली, तेव्हा बाबा प्रत्येकाला हात जोडत होते.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, दुपारी जेवताना पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. बाबांनी ताट बाजूला सारलं. दहा दिवसांनी बाबा गेले. मिस्सात फादर पोपचं नाव घेऊन प्रार्थना करतात ना, तिथे बाबांच्या अंत्यविधीच्या मिस्सात नावच नव्हतं, कारण नवे पोप निवडलेच नव्हते. ८ मेला रात्री साडेनऊनंतर टीव्हीवर पांढरा धूर दिसला. आई आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, अहो, झाले बघा. मग गप्प बसली.

सीनाकाठची
@पापडीतलाव, काय लिहू. आईंना सलाम सांगा.

ओली_माती
आमचं छोटं गाव, जालन्याकडे. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन शेतातच कुजलं, मातीसुद्धा वाहून गेली. कापणीचा सण करायचा की नाही यावर चर्चमध्ये दोन रविवार बोलणं चाललं. पाळक म्हणाले, करू, जे असेल ते आणा. एरवी वेदीपुढे भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्या यांची रास असते. यंदा कोणी बिस्किटाचे पुडे आणले, कोणी दुकानातला तांदूळ. लिलावात एक तांदळाची पिशवी पाच जणांनी घेतली आणि पाचही जणांनी परत वेदीवर ठेवली. सहाव्यांदा घेणाऱ्याने ती एका विधवा बाईच्या दारात नेऊन ठेवली. माझ्याकडे यंदाची साक्ष एवढीच आहे. कर्ज आहेच.

दूरची_चिमणी
ऑकलंडहून. बाळ झोपलंय तोवर टाइप करते. ऑक्टोबरात मुलगी झाली. बाप्तिस्म्याला मम्मी-पप्पा व्हिडिओवर होते, पुण्यात पहाटेचे चार, पप्पा कोट घालून बसलेले! उठली वाटतं, नंतर लि

हरिगावचा
नंतर लिही बाई आधी बाळ बघ 🙂 अभिनंदन!!

मिरा_५
सीनाकाठची, सावेडीत कुठे? आम्ही पाइपलाइन रोडला. दर गुरुवारी कॉटेज प्रार्थना (घरी जमून करतो ती) असते, पप्पांना घेऊन या. क्वार्टरमधून निघालेल्या माणसांना फ्लॅटमध्ये पहिलं वर्ष फार जड जातं. माझे सासरे तर रोज संध्याकाळी रिक्षाने जुन्या कंपाउंडला जाऊन चिंचेखाली बसायचे.

सीनाकाठची
@मिरा_५, पप्पाही जातात! आम्हाला सांगतात दूध आणायला चाललो.

पेटीवाला
गीत सुरू करायचं असेल तर पेटी काढा. गळा दाटतो म्हणूनच लोक सुरू करत नाहीत. पेटीवर काळी एक धरा आणि नुसतं धृपद वाजवा, दोनदा. कोणीतरी आपोआप उचलतं. कॅरल पार्टीत रात्री तीन वाजता सगळे बसलेल्या आवाजाचे असतात तेव्हा मी हेच करतो. यावर्षी आम्ही ४१ घरं केली, ढोलकी फुटली, शेजारच्या मंडळाने त्यांची दिली.

नंदाखालची_लेक
माझं लग्न जानेवारीत झालं. मी कॅथलिक, सासर सोलापूरचं प्रोटेस्टंट. बिशपांची परवानगी, कागद, सगळं होऊन. पहिल्या रात्री जेवणाआधी मी क्रुसाची खूण केली आणि टेबलावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी काही बोललं नाही, पण मी पुढचे काही महिने खूण मनातच करायची.

नाताळआधीच्या आगमनकाळात सासूबाईंनी विचारलं, तुमच्यात चार मेणबत्त्या लावतात ना? बाजारातून जांभळ्या चार आणल्या. मी म्हटलं, एक गुलाबी लागते. पुन्हा जाऊन शोधून आल्या, मिळाली नाही, मग एकीला नातीच्या केसांची गुलाबी रिबीन गुंडाळली. तिसऱ्या रविवारी ती पेटवताना म्हणाल्या, तू खूण करतेस ती कर गं, थांबू नकोस. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

हरिगावचा
सासूबाईंना दंडवत. पण ज्योत खाली यायच्या आत रिबीन काढा हं, पेट घेईल.

नंदाखालची_लेक
काढली, काढली! आणि कुलकुल शिकवलेत त्यांना. काट्याच्या पाठीवर दाबून वळायचे, त्या म्हणतात हे तर आमच्या शंकरपाळ्यांचे चुलतभाऊ.

ओली_माती
प्रमाण द्या की. घरात मैदा आहे.

शेजारचा
मी ख्रिस्ती नाही, नगरलाच मिशन कंपाउंडच्या भिंतीपलीकडे वाढलो. दिवाळीला आमचं ताट तिकडे, नाताळला तिकडचं इकडे, करंजी तीच. संध्याकाळी सातला भिंतीपलीकडून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज यायचा, आम्ही त्यावर घड्याळ लावायचो. सीनाकाठची, त्या तुमच्या आजी होत्या की नाही मला माहीत नाही. पण त्या असतील असं धरून चालतो.

सीनाकाठची
@शेजारचा, विहिरीजवळची भिंत का?

शेजारचा
हो. विहिरीजवळची.

सीनाकाठची (१ जानेवारी)
हे पप्पांना वाचून दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत होते.

काल उपासनेहून आलो तेव्हा साडेबारा. भावाला फोन लावला, मस्कतमध्ये तेव्हा अकरा वाजले होते. पेटीवाला, पेटी काढली, भात्याला मागून चीर गेली आहे, पुस्तकाचं कव्हर चिकटवून चालवली. पप्पांनी धृपद दोनदा वाजवलं. आणि सुरू केलं मम्मीने! माझी मम्मी आयुष्यात कधी पहिली गायली नाही. दुसऱ्या कडव्याला शब्द चुकली, आजीचं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं तर त्या पानावर पेन्सिलीने श्वास घेण्याच्या जागा केलेल्या. भावाचा आवाज फोनवरून थोडा मागून येत होता, म्हणून शेवटी आम्ही थांबलो आणि त्याला एकट्याला संपवू दिलं.

डबा माझ्या मुलीने फिरवला. भावाचं वचन मम्मीने काढलं, आजीचं अक्षर लागेना म्हणून फोटो पाठवलाय. मिरा_५, गुरुवार म्हणजे आजच की. पत्ता मेसेज करा.

मिरा_५
केलाय. सात वाजता. पेटी आमच्याकडे चांगली आहे, तुमची आणू नका.

नंदाखालची_लेक
ओली_माती, माफ करा, राहिलंच. अर्धा किलो मैद्याला एका नारळाचं दूध, एक अंडं, पाव किलो पिठीसाखर, चिमूटभर मीठ. पीठ घट्ट भिजवा.