मदत हवी आहे: कफ पातळ करणाऱ्या गोळीनंतर बाबांचं डोकं ठणकतं, घेरी येते

नमस्कार. बाबांच्या औषधांबद्दल विचारायचं आहे. ते ७१ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात, मी पुण्यात. तरुणपणी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण उजव्या फुप्फुसात ब्रॉन्किएक्टेसिस राहिला. श्वासनलिका रुंदावून सैल पडल्यात, कफ तिथेच साचतो आणि थंडीत दरवर्षी छाती भरते. यंदा कफ इतका चिकट की सकाळी खोकून खोकून जीव दमला तरी बेडका सुटत नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिटिलसिस्टीन ६०० मिग्रॅची पाण्यात विरघळणारी गोळी रात्री जेवणानंतर सुरू केली.

गुण आला, हे आधी सांगते. कफ सुटतोय, झोप लागतेय. पण गोळी घेतली की थोड्या वेळाने डोकं ठणकायला लागतं आणि लघवीला उठले की घेरी येते. परवा भिंतीला धरून खालीच बसले. त्यांना अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी) नायट्रोग्लिसरीनची २.६ मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा असते. ती हृदयाच्या डॉक्टरांची, ही छातीच्या डॉक्टरांची. दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या. या दोन गोळ्यांचं आपसात काही असू शकतं का?

शिवाय मळमळ आणि पोटात जळजळ आहे (पूर्वी अल्सर होऊन गेलाय). हात थरथरतात, छातीत धडधडतं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं एक खोकल्याचं सिरपही चालू आहे. गोळीला सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून आई म्हणते पाकीटच खराब निघालं. छातीच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची आहे. तोवर गोळी चालू ठेवावी की नको?

प्रतिसाद १

ताई, मी फार्मासिस्ट आहे. गुरुवारची वाट पाहू नका, दोन्ही डॉक्टरांना आजच फोन करा. नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिन्या सैल करतं, आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन सोबत असलं की तो परिणाम वाढू शकतो. रक्तदाब उतरणं आणि जोराची डोकेदुखी या जोडीबाबत माहीत असलेली गोष्ट आहे. नायट्रोग्लिसरीन मात्र आपल्या मनाने अजिबात बंद करू नका, छातीतलं दुखणं उसळू शकतं. बाबांचं बीपी बसवून आणि उभं करून असं दोन्ही वेळा मोजा आणि लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

थरथर बहुधा सिरपची. बाटलीवरचे घटक वाचा. आपल्याकडच्या कितीतरी सिरपमध्ये कफ पातळ करणाऱ्या अँब्रॉक्सॉलसोबत टर्ब्युटालीन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असतं, श्वासनलिका मोकळी करायला. हात कापणं, धडधडणं हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. हृदयाच्या पेशंटला ते विचारल्याशिवाय देऊ नये. सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा कोडीन दिसलं तर तेही सांगा. कफ पातळ करायचा आणि खोकला दाबायचा, मग तो कफ बाहेर येणार कसा?

वासाची काळजी नको. या औषधाच्या रेणूतच गंधक आहे, त्यामुळे थोडा वास येतोच. मळमळही बऱ्याच जणांना होते, पण अल्सर होऊन गेलाय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. विरघळणाऱ्या गोळीत सोडियम असतं, म्हणून मिठाचं पथ्य असेल तर तेही. घरी अडुळशाचा काढा चालू असेल तर लपवू नका. ब्रोमहेक्सीन हे अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच बनवलेलं औषध आहे, आणि अँब्रॉक्सॉल त्याच घराण्यातलं.

प्रतिसाद २

मलाही ब्रॉन्किएक्टेसिस आहे. कफ पातळ झाला की सुरुवातीला जास्तच पडतो, घाबरू नका. पण म्हाताऱ्या माणसाला खोकून बाहेर टाकायची ताकद लागते, ती कमी पडली तर सुटलेला कफ आतच राहतो. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून कुशीवर झोपून कफ काढायची पद्धत शिकून घ्या. माझ्या मते औषधाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

अंगावर पुरळ, तोंडात फोड, ओठ-चेहरा सुजणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, बेडक्यात रक्त, यातलं काहीही दिसलं तर कफाची गोळी थांबवून थेट दवाखान्यात न्या. अँब्रॉक्सॉलनेही क्वचित त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन येते. दुष्परिणामाची नोंद करायची असेल तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे. पेशंटचे नातेवाईकही तिथे कळवू शकतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. भावाने बीपी मोजलं: बसून ११८/७२, उभं राहिल्यावर ९४/६०. हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवरच अ‍ॅसिटिलसिस्टीन थांबवायला सांगितलं, नायट्रोग्लिसरीन तशीच चालू. छातीच्या डॉक्टरांनी सध्या सलाइनचं नेब्युलायझेशन (मिठाच्या पाण्याचा बारीक फवारा श्वासातून घेणं) दिलंय. सिरपमध्ये खरंच टर्ब्युटालीन निघालं, तेही बंद केलंय. डोकेदुखी थांबली आणि रात्री उठताना आता भाऊ सोबत असतो. गुरुवारी तिन्ही चिठ्ठ्या आणि सिरपची बाटली एकत्र घेऊन जातोय.

एकच विचारायचं राहिलं. कराड किंवा साताऱ्यात छातीची फिजिओथेरपी घरी येऊन शिकवणारं कुणी आहे का? बाबांना रोज गाडीतून नेणं झेपणार नाही.