काटे रोहूचे, दोष पाण्याला?

भीमाकाठ
रविवारी उजनीचा रोहू आणला. रस्सा झक्कास जमला, पण धाकट्याने दुसऱ्याच घासाला ताट सरकवलं. नदीचा मासा म्हणजे काटे! पापलेट, सुरमई बघा, मधला काटा काढला की झालं. आणि हे मांसात रुतलेले केसासारखे काटे माशाच्या तरी काय कामाचे? ना बरगडी, ना कणा. उत्क्रांतीत कधीच गळून पडायला हवे होते.

सातरस्ता
पाण्याला कशाला बोल लावता ओ? उजनीतलीच चिलापी घ्या, मरळ घ्या. गोड्या पाण्यातले, पण मांसात असा काटा नाही. उलट तारली समुद्रातली आणि काट्यांनी भरलेली. फरक घराण्याचा. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) सगळे एकाच कुळातले, म्हणून सगळ्यांना काटे.

शिजलेला मासा चकत्यांनी सुटतो ना, त्या स्नायूंच्या चकत्या. दोन चकत्यांमधल्या पडद्यात जे कंडरेचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचे, धागे असतात तेच पुढे हाड होतात. कण्यासारखी आधी कूर्चा आणि मग हाड, अशी पायरीच नाही. काही काट्यांना टोकाशी फाटा फुटतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा. घशात अडकतो तो बहुधा हाच!

जुनीमिल
म्हणजे रोहू जुनाट, चिलापी सुधारलेली. भीमाकाठ बरोबरच बोलले की.

सातरस्ता
नाही. हे काटे जुन्या शाखांमध्ये आहेत आणि नंतरच्या बऱ्याच शाखांमध्ये नाहीसे झाले, इथवर खरं. पण नंतरचा म्हणजे सरस कसा? गोड्या पाण्यात रोहूच्या गोतावळ्याएवढा पसारा दुसऱ्या कुणाचा नाही. काटे नडले असते तर हे झालं असतं का?

भीमाकाठ
पाण्याचं मागे घेतो. बाकीचं नाही. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, भारतात आला १९५२ साली, आज उजनीत बघा कुणाचं राज्य आहे. काट्यावाचून त्याचं काय अडलं? आणि चीनमध्ये एक जनुक बंद करून रोहूच्याच कुळातला बिनकाट्याचा कार्प तयार केलाय, तो नीट वाढतो, पोहतो. मग उपयोग काय होता?

सातरस्ता
टाकीत पोहतो. आयतं खाणं, मागे शिकारी नाही. भीमेला पूर आल्यावर सोडा त्याला, मग बोलू. स्नायूंचा जोर कंडरांमधून शेपटीपर्यंत जातो, तिथे थोडा ताठरपणा कामाला येत असणार, असं माझं मत. टाकीवरून ते खोटं ठरत नाही. (खरंही ठरत नाही, कबूल.)

जुनीमिल
शास्त्र राहू द्या. तुकड्याला दोन्हीकडून जवळजवळ चिरा द्या, खोल. मग कडक तळा. बारीक काटे कुरकुरीत होतात, कळतसुद्धा नाहीत.

भीमाकाठ
रश्श्यात काय करू मग? पुढच्या रविवारी मरळच.

जुनीमिल
मरळचा भाव विचारलात का आधी?