साळुंकी गेली, की नेली?

रानभूल: मेलबर्नला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी पक्षी बघत फिरतो आणि एका शब्दापाशी अडतो. इथल्या याद्यांत प्रत्येक पक्ष्यापुढे 'नेटिव्ह' किंवा 'इंट्रोड्यूस्ड' लिहिलेलं असतं. पहिल्याला 'मूळचा', 'इथला' चालून जातं. दुसऱ्याला काय म्हणायचं? आपली साळुंकी या दुसऱ्या रकान्यात आहे, आणि काही लोक पिंजरे लावून तिला पकडतात.

टिटवी: स्थलांतरित.

पाणकावळा: नको हो टिटवीताई. स्थलांतरित म्हणजे भोरडी. थंडीत येते, ज्वारीवर ताव मारते, उन्हाळ्यात परत जाते. साळुंकी मेलबर्नला आपल्या पंखांनी गेलेलीच नाही. भाजीच्या मळ्यांतले किडे खाईल म्हणून १८६२ मध्ये माणसांनी तिला तिथे नेलं. पुढे १८८३ मध्ये क्वीन्सलंडच्या उसाच्या भागातही नेऊन सोडलं.

टिटवी: मग आगंतुक? उपरी?

पाणकावळा: आगंतुक न बोलावता येतो, हिला तर मुद्दाम नेलंय. आणि 'उपरा' हा शब्द आपल्याकडे माणसांना इतका चिकटवलाय की पाखराला लावताना जीभ अडखळते.

बांधावरची: एवढं कशाला शोधताय? 'सोडणे' आहे की. तळ्यात मासे सोडतात, देवाला वळू सोडतात. 'आणून सोडलेली' म्हणा. आणि पुढे ती हाताबाहेर पसरली, ज्याला 'इन्व्हेसिव्ह' म्हणतात, तर 'माजलेली'. जलपर्णी माजते, गाजर गवत माजतं. पुस्तकांत 'आक्रमक' लिहितात, पण ते वाचलं की मला नुसता चोच मारणारा पक्षी दिसतो.

रानभूल: अगदी! इथे हाच घोळ आहे. नॉइझी मायनर म्हणून एक करडा पक्षी असतो, डोळ्यामागे पिवळा डाग. नाव मैनेवरूनच पडलंय, पण मैनेशी नातं काही नाही. तो हनीइटर कुळातला, अस्सल इथला. टोळी करून बाकीच्या पाखरांना हुसकावतो. म्हणजे आक्रमक आहे, पण आणून सोडलेला नाही. पहिले दोन महिने मी त्यालाच साळुंकी समजून घरी फोटो पाठवत होतो. खरी साळुंकी तपकिरी, काळ्या डोक्याची, उडाली की पंखांत पांढरं चमकतं. ती झाडांच्या ढोल्या बळकावते आणि रोझेला जातीच्या पोपटांची घरट्याची जागा जाते.

टिटवी: म्हणजे राघूमैनेचं तिथे फाटलं म्हणायचं!

पाणकावळा: 'माजलेली' गप्पांत झकास, पण अहवालात कोण छापेल? शिवाय दोष पक्ष्याच्या माथी जातो.

बांधावरची: शेतात तण माजलं तर बोलणी तणाला बसतात का? ज्यानं खुरपलं नाही त्याला बसतात. वळू माजला तरी गाव आधी विचारतं, सोडला कुणी?

पाणकावळा: हे मान्य. उजनी धरणातला चिलापी मासाही मग याच रकान्यात.

रानभूल: काल आईला फोनवर सगळं सांगितलं. 'आणून सोडलेली' ऐकून म्हणाली, "आणून कसली? इथून नेली ना?" आता यादीत मी 'आणून सोडलेली' लिहितोय. ती मात्र साळुंकीला अजून 'नेलेली'च म्हणते.