प्रतिजैविकांनंतर आईचे पोट बिघडले आहे. दही पुरेल की प्रोबायोटिक कॅप्सूल द्यावी?

आईचे वय ७६ आहे. छातीच्या संसर्गासाठी घेतलेला प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यापासून तिचे पोट कधी फुगते, तर कधी दोन-दोन दिवस साफ होत नाही. आम्लपित्ताची गोळी ती अनेक वर्षे रोज घेत आहे. रोजच्या दह्याने हे सावरेल, की प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंची, कॅप्सूल सुरू करावी? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
दही जरूर द्यावे. विरजणातले जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेक वृद्धांना दही सोसते; मात्र ते उकळले की हे जीवाणू मरतात. कॅप्सूलबद्दल मी सावध आहे. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत प्रतिजैविके घेणाऱ्या, ६५ व त्यापुढील वयाच्या सुमारे २,९०० रुग्णांवर झालेली चाचणी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम या जीवाणूंच्या मिश्रणाने जुलाब टळल्याचे दिसले नाही. एका प्रकारच्या जीवाणूचा गुण दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही, त्यामुळे वेष्टनावर नुसते ‘प्रोबायोटिक’ लिहिलेले असणे पुरेसे नाही.

प्रतिसाद २
माझ्या मते खरा प्रश्न आई एरवी काय खातात हा आहे. आतड्यातले जीवाणू तंतुमय पदार्थांवर जगतात आणि त्यांपासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात, ज्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे पोषण होते. दात दुखतात, कवळी नीट बसत नाही, म्हणून वृद्ध माणसे मऊ, चोथा नसलेले अन्न खाऊ लागतात आणि हे पोषणच आटते. डाळी, भाज्या, फळे मऊ शिजवून, पण हळूहळू वाढवावीत. एकदम वाढवल्यास पोट अधिक फुगेल. पाणीही पुरेसे हवे. आम्लपित्ताच्या गोळीने जठरातले आम्ल घटते आणि आतड्यातील जीवाणूंचा समतोल बदलतो, तेव्हा ती अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून बंद करू नये.

प्रतिसाद ३
एक काळजीची गोष्ट. प्रतिजैविकांनंतर पातळ जुलाब सुरू झाले, तर ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ या जीवाणूच्या संसर्गासाठी शौचाची तपासणी लागू शकते, जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे किंवा ताप आढळल्यास दह्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे न्यावे. केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर कॅप्सूलही त्यांना विचारूनच द्यावी, कारण अशा रुग्णांत हे जिवंत जीवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्ग करतात.