घरच्या टाकीत माशांची पिल्लं जगवताना: तुमचे अनुभव लिहा

माशांना पिल्लं झाली की सगळे आधी विचारतात, "खायला काय घालू?" माझं मत वेगळं आहे. पिल्लं उपासमारीपेक्षा खराब पाण्यानेच जास्त जातात. ठाणे-नवी मुंबईत ज्यांनी पिल्लं मोठी केली आहेत, त्यांनी इथे सविस्तर लिहा. आपल्या नळाच्या पाण्याबद्दल तर नक्कीच लिहा.

सुरुवात मी करते. माझ्याकडे गप्पी आहेत. मादी साधारण चार आठवड्यांनी थेट पोहणारी पिल्लं देते. नर वेगळा केला तरी पुढे काही महिने पिल्लं होत राहतात, कारण ती शुक्राणू साठवून ठेवते. शेपटीकडचा गडद ठिपका मोठा झाला, पोट चौकोनी दिसू लागलं की दिवस भरले समजायचं. आई स्वतःचीच पिल्लं खाते, त्यामुळे लपायला जागा हवीच. ब्रीडिंग बॉक्समध्ये, म्हणजे पिल्लं देण्यासाठी मादीला ठेवायच्या छोट्या डबीत, ती फार बिथरते, मला ते बघवत नाही. जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट पुंजका ठेवते आणि पिल्लं झाली की मादीलाच दुसऱ्या टाकीत हलवते.
– घोडबंदर रोड

ताई, पाण्याचं अगदी पटलं. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. मी ते बादलीत दिवसभर उघडं ठेवतो आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडतो. पावसाळ्यात वास उग्र आला तर अँटीक्लोरीनही (क्लोरीन घालवणारं औषध) घालतो. पाणी रोज थोडंच बदलायचं, निम्मी टाकी एकदम नाही. मोटरवाला फिल्टर पिल्लं ओढून घेतो, म्हणून स्पंज फिल्टरच लावा. तो स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला तर अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत पिल्लं वर येऊन धापा टाकायला लागतात.
– नेरुळ

खाण्याचं मी सांगतो. अंड्याचा बलक सगळे सुचवतात, पण उरलेला कण न् कण पाणी नासवतो. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, घरी काढा. प्लास्टिकची बाटली उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात 25 ग्रॅमच्या आसपास खडे मीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, एअर पंप चालू. आपल्या हवेत 24 ते 36 तासांत अंडी फुटतात. मग हवा बंद करून खालच्या बाजूला टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात, केशरी जीव उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने ओढून, कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन घालायचे. पिल्लांची पोटं केशरी दिसली की इतकं बरं वाटतं! गटारातले ट्युबिफेक्स (लाल बारीक किडे) मात्र पिल्लांना अजिबात नको.
– कळवा

फायटर माशाचं सगळं उलटं असतं. तिथे बाप सांभाळतो. तो बुडबुड्यांचं घरटं करतो आणि खाली पडलेली अंडी तोंडाने उचलून परत त्यात ठेवतो. अंडी घालून झाली की मादी लगेच काढा, नाहीतर तो तिला फाडतो. पिल्लं आडवी पोहू लागली की नरही बाहेर. पहिले काही दिवस त्यांना इन्फुसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती वरची हवा घ्यायला शिकतात, तेव्हा टाकीवर झाकण हवंच. थंडीतली किंवा एसीची गार हवा त्यांना सोसत नाही.
– वाशी

गप्पीची पिल्लं महिन्याभराची झाली की नर-माद्या वेगळ्या करा. नराचा पोटाखालचा पर टोकदार होतो, त्यावरून ओळखता येतं. नाहीतर टाकी भरून वाहते आणि मग लोक म्हणतात, "तलावपाळीत (ठाण्याच्या तलावात) सोडून द्या, डासांच्या अळ्या खातील." कृपा करून सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा मासा आहे, तलावातल्या आपल्या माशांची अंडी-पिल्लं तो खातो. जास्तीची ओळखीत द्या, दुकानदारही घेतात. माझ्याकडे आत्ता पुष्कळ माद्या आहेत.
– पाचपाखाडी

काका, मला द्या. मोठी टाकी आहे, स्पंज फिल्टर महिन्याभरापासून चालू ठेवलाय, मॉसही पसरलंय. रविवारी ठाण्याला येते, पिशवीत हवा भरून ठेवाल का?
– ऐरोली